सावलीतली कोरडी भिंत

सावली म्हटलं की महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना चंद्रपूर जिल्ह्यातली सावली आठवते. आमची सावली गुजरातमधली, बडोदा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बडोद्याहून समा-सावली रस्त्याने निघालं आणि हायवे ओलांडला की थोड्याच वेळात मंजुसर जीआयडीसीच्या शेड्स सुरू होतात. औषधांचे, यंत्रांच्या भागांचे, रसायनांचे कारखाने. दिल्ली मेट्रोचे कितीतरी डबे याच सावलीत तयार झाले. तो कारखाना आधी बॉम्बार्डियरचा होता, 2021 पासून अल्स्टॉमचा आहे. दिल्ली-मेरठ मार्गावर धावणाऱ्या नमो भारत गाड्याही इथल्याच. पण शेड्स संपून गाव लागलं की रस्ता अरुंद होतो, ओटल्यांवर बसलेली माणसं दिसायला लागतात आणि जुन्या घरांच्या लाकडी माड्या रस्त्यावर झुकलेल्या दिसतात.

मराठी माणसाशी या गावाचा संबंध फार जुना आहे. पुण्याजवळच्या दावडीचे पिलाजीराव गायकवाड 1732 साली डाकोरला दग्याने मारले गेले. त्यांच्या माणसांनी त्यांचा देह मही नदी ओलांडून सावलीला आणला आणि इथे अग्नी दिला. दोनच वर्षांनी, 1734 मध्ये, गायकवाडांनी बडोदं कायमचं ताब्यात घेतलं. म्हणजे गायकवाडांचं बडोदं उभं राहण्याआधी त्यांचं दुःख सावलीने पाहिलं होतं. पुढे बडोदा संस्थानात प्रत्येक तालुक्याला वहिवाटदार असायचा, त्याच्या कचेरीत कारकून असायचे आणि त्यात बरेच मराठी असायचे. माझे पणजोबा असेच एक कारकून. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, 1960 मध्ये गुजरात झालं, कचेरीवरच्या पाट्या बदलल्या. आमचं घर तिथेच राहिलं.

त्या घरात आता माझी आत्या एकटी राहते. वय 78. सावलीच्याच प्राथमिक शाळेत तिने तीसेक वर्षं शिकवलं, त्यामुळे निम्मं गाव तिला "बेन" म्हणतं आणि उरलेलं निम्मं तिला पाहून हातातली बिडी लपवतं. तिची झोपायची खोली माडीवर होती, आणि माडीवर जायला लाकडी दादर. गेल्या फाल्गुनात त्या दादराच्या तिसऱ्या पायरीवर तिचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यापुढे जिना चढायचा नाही.

मग घराघरांत होते ती चर्चा आमच्याही घरात झाली. बाबा म्हणाले, बडोद्याला आमच्याकडे ये. नागपूरचे काका म्हणाले, घर विकून टाकू, त्या पैशात तिची उत्तम सोय होईल. आत्या म्हणाली, "पिलाजीरावांना सावली पुरली, मला का पुरणार नाही? मला खाली एक खोली करून द्या." खाली मोठा दिवाणखाना आहे, 24 फूट लांब आणि 14 फूट रुंद. त्याला लागून मागे परसदार आणि तिथेच न्हाणीघर, संडास. दिवाणखान्याच्या मागच्या भागात एक आडवी भिंत घातली की खोली तयार. हिशोब सोपा होता.

अवघड होती ती भिंत. घर तिघा भावंडांच्या नावावर आहे. आपल्याकडे वडिलोपार्जित घराच्या मधोमध भिंत घालतात ती वाटणीसाठी. काका फोनवर म्हणाले, "आज भिंत, उद्या वेगळा दरवाजा, परवा वेगळं मीटर. लोक काय समजतील?" लोक खरंच तसं समजले. माप घ्यायला मी टेप घेऊन उभी होते तर समोरच्या काकी ओटल्यावरून म्हणाल्या, "भाग पाड्या के शुं?" वाटण्या झाल्या की काय! आत्या आतून ओरडली, "ना रे, मारी खाटलानी जग्या करे छे!" तिची खाट ठेवायला जागा करताहेत, एवढंच.

ज्या भिंतीला पाया नाही, जी जमिनीत रुतत नाही आणि जी उद्या काढली तर घर होतं तसं दिसेल, अशी भिंत हवी होती. तिथून आम्ही जिप्सम बोर्डापर्यंत, म्हणजे ड्रायवॉलपर्यंत आलो.

आपल्यापैकी अनेकांना ही भिंत ऑफिसातून माहीत आहे. आपल्या बहुतेक केबिन आणि मीटिंगच्या खोल्या याच बोर्डाच्या असतात. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या भावंडांच्या तर सगळ्या घरात याच भिंती असतात. बांधणी साधी आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, म्हणजे चॅनेल, खाली-वर बसवायच्या. त्यात उभे खांब, म्हणजे स्टड, दोन-दोन फुटांवर उभे करायचे. दोन्ही बाजूंनी साडेबारा मिलिमीटर जाडीचे बोर्ड स्क्रूने बसवायचे. बोर्डांच्या सांध्यांवर कागदी पट्टी आणि लेप लावून घासायचं, मग रंग. यात विटा नाहीत, वाळू नाही, आठवडाभर पाणी मारणं नाही. म्हणून ती "कोरडी".

बोर्डाच्या आत असतो जिप्सम नावाचा खनिज दगड, दोन्ही बाजूंना जाड कागद. भारतातलं जवळजवळ सगळं खनिज जिप्सम राजस्थानातून, मुख्यतः बिकानेर, नागौर, श्रीगंगानगर या बाजूने येतं. हा दगड साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवला की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि जी भुकटी उरते ते प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीखाली त्याच्या मोठ्या खाणी होत्या, तिथून हे नाव आलं. भुकटीत पुन्हा पाणी घातलं की ती पुन्हा दगड होते. तयार बोर्डाच्या जिप्समच्या वजनाचा पाचवा हिस्सा हे असं बांधलेलं पाणी असतं. आग लागली तर ते पाणी वाफ होऊन संपेपर्यंत बोर्डाचा मागचा भाग फार तापत नाही. नाव कोरडी भिंत, आणि आगीत तिला वाचवतं ते तिच्या पोटातलं पाणी. ऑगस्टीन सॅकेट या अमेरिकन माणसाने 1894 मध्ये कागद आणि प्लास्टरच्या थरांच्या फळीचं पेटंट घेतलं. आजचा बोर्ड त्याच फळीचा वंशज. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे घरं भराभर हवी होती आणि गिलावा करणारे हात कमी होते, तेव्हा ही भिंत घरोघर पोचली.

हे सगळं वाचून कळतं. भिंत मात्र माणसं उभी करतात, आणि माणसं शोधणं हे खरं काम.

पहिला ठेकेदार बडोद्याचा. मोबाईलवर सुंदर फोटो, छापील दरपत्रक, 145 रुपये चौरस फूट. त्याने भिंतीचं पूर्ण क्षेत्रफळ धरलं, 14 गुणिले 10, म्हणजे 140 चौरस फूट. दरवाजाची मोकळी जागाही त्यातच. सावलीला न येताच दर दिला, दोन हजार रुपये आगाऊ घेतले आणि पुढचे तीन रविवार आला नाही. दर वेळी गाडी रस्त्यातच होती. बाबांनी शांतपणे पैसे परत मागितले आणि ते परत मिळाले, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

दुसरा गावातलाच, पीओपीची छतं करणारा. दर 85 रुपये. स्वस्त का, हे विचारल्यावर कळलं की तो लोखंडी चॅनेलऐवजी लाकडी चौकट वापरणार होता. आमच्या घरात वाळवीने दोन खिडक्या आणि पणजोबांची एक पेटी आधीच खाल्ली आहे. तिला आणखी एक जेवणाचं ताट वाढायची आमची तयारी नव्हती.

तिसरा आत्याने शोधला. तिचा जुना विद्यार्थी, कडियाकाम करणारा, पन्नाशीचा गृहस्थ. तो आला, चप्पल बाहेर काढली, आत्याच्या पाया पडला आणि मग बोर्डाबद्दल एक शब्दही न बोलता थेट मागच्या जुन्या भिंतीशी गेला. खालून तीन फुटांपर्यंत तिथे गिलाव्याला पोपडे आले होते, पांढरा खार फुटला होता. त्याने नखाने थोडा खार काढून बोटांत चुरला आणि म्हणाला, "बेन, भेजवाळी भींत पर बोर्ड ना चाले. छ महिनामां कागळ काळो पडी जशे." ओल्या भिंतीला बोर्ड टेकवला तर सहा महिन्यांत कागद काळा पडेल.

शहरातल्या ठेकेदाराला मी या भिंतीचे फोटो पाठवले होते. त्याचं उत्तर होतं की तिच्यावरूनही बोर्ड मारून टाकू, काही दिसणार नाही. दिसणार नाही, ही गोष्ट अगदी खरी होती.

कडियाकाकांनी मला ओलीचं गणित समजावलं. आमचं घर विटा आणि चुन्याचं. जमिनीतली ओल अशा भिंतीत थोडी चढतेच, पण चुन्याचा गिलावा तिला बाहेर पडू देतो, भिंत वाळते. बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी आतून सिमेंटचा गिलावा केला, त्यावर प्लास्टिक रंग लावला. ओलीचा बाहेर पडायचा रस्ता बंद झाला, म्हणून ती वर चढत गेली आणि जिथे फट मिळाली तिथे खार घेऊन फुटली. खाराचे कण पृष्ठभागाखाली वाढतात आणि गिलावा आतून ढकलतात. पोपडे येतात ते त्यामुळे. ही भिंत सिमेंटने पुन्हा लिंपली असती तर खार आणखी वर जाऊन फुटला असता.

म्हणून कामाचे दोन भाग झाले. जुनी भिंत कडियाकाकांकडे: सिमेंट खरवडून काढायचं, उन्हाळ्याचे काही आठवडे विटा उघड्या ठेवून वाळू द्यायच्या, मग भिजवलेला चुना, वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, यांचा गिलावा करायचा आणि वरून फक्त चुन्याची सफेदी. बडोद्यातला तांबेकर वाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना जुन्या गिलाव्याची ताकद सांगायला नको. एकोणिसाव्या शतकातली चित्रं तिथल्या भिंतींवर अजून आहेत. आमच्या भिंतीवर चित्रं नव्हती, पण तिचा मान तिला द्यायला हरकत नव्हती.

बोर्डाचं काम मात्र कडियाकाका करत नव्हते, आणि त्यांनी ते सरळ सांगितलं. मला त्यांची ही गोष्ट सगळ्यांत आवडली. "ए काम मारा भाणियानुं," ते म्हणाले. त्यांचा भाचा मंजुसरच्या कारखान्यांत ऑफिसच्या केबिन बसवतो. तिथे कंपन्यांचे साइट इंजिनिअर मापाची पट्टी घेऊन उभे असतात, स्टडचं अंतर चुकलं तर उघडून पुन्हा करायला लावतात. त्या धाकात तो आणि त्याचे दोघे साथीदार तयार झाले होते. सावलीत रेल्वेचे डबे बनतात याचा अभिमान आम्हाला होताच, पण जीआयडीसीमुळे गावात बोर्डाची भिंत ओळंब्यात उभी करणारी पोरंही तयार झाली आहेत, हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

भाच्याचा दर 110 रुपये. त्याने तीन फूट बाय सात फुटांचा दरवाजा वजा करून 119 चौरस फूट धरले, म्हणजे 13,090 रुपये. दरवाजा आणि प्लायवूड वेगळं. बोर्डाचा मेळही त्याने माझ्यासमोर कागदावर मांडला. दोन बाजूंचे 238 चौरस फूट, एक बोर्ड सहा बाय चारचा, म्हणजे 24 चौरस फूट. दहा बोर्ड लागतात, कापाकापी धरून बारा आणायचे. 14 फुटांत दोन-दोन फुटांवर आठ स्टड. असा हिशोब ज्या ठेकेदाराला तुमच्यासमोर मांडता येतो, त्याच्यावर निम्मा विश्वास तिथेच बसतो. ज्याला तो मांडायचा नसतो, तो "तमे चिंता ना करो" म्हणतो. हे वाक्य ऐकलं की चिंता सुरू करावी.

दरवाजा तीन फुटांचा का, तर उद्या वॉकर किंवा चाकाची खुर्ची आली तरी अडू नये. आणि प्लायवूड का, तर या सगळ्या कामाचा जीव त्या प्लायवूडमध्ये होता. आत्या रात्री दोन वेळा उठते. खाटेपासून मागच्या दारापर्यंत ती भिंतीला हात लावत जाते. तिला धरायला कमरेच्या उंचीवर सलग दांडा हवा होता. पण जिप्सम बोर्ड आतून पोकळ भिंतीवर बसलेला असतो. त्यात नुसता स्क्रू मारून दांडा लावला तर तो चित्राची चौकट पेलेल, घसरणाऱ्या माणसाचं वजन नाही. एका रात्री तिने जोरात धरला असता तर दांडा, बोर्डाचा तुकडा आणि आत्या, तिघं एकत्र खाली आले असते. म्हणून बोर्ड लावण्याआधीच आतल्या बाजूने, स्टड ते स्टड, पाण्याला टिकणाऱ्या जाड प्लायवूडची आडवी पट्टी बसवायची आणि दांड्याचे स्क्रू त्या लाकडात जायला हवेत. बोर्ड बंद झाल्यावर हे करायचं तर भिंत फोडावी लागते. घरात म्हातारं माणूस असेल आणि कुणी बोर्डाची भिंत करत असेल तर हा एक परिच्छेद त्यांना नक्की वाचायला द्या.

काकांचा प्रश्न उरला होता. बाबांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार ओळी लिहिल्या: ही भिंत वाटणीची नाही, ताईच्या सोयीची आहे, तिला पाया नाही, ती काढता येते, तिने कुणाचा हक्क वाढत नाही की कमी होत नाही. खाली तिघांनी आपापली नावं लिहिली. भाच्याने त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं की खालचा चॅनेल फरशीत थोड्या स्क्रूंवर बसतो, काढल्यावर चार-सहा भोकं राहतात, ती बुजवली की झालं. काका बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ताई, दांडा दोन्ही बाजूंना लाव. मी आलो की मलाही लागेल." काकाही आता 70 चे आहेत.

मेच्या शेवटी काम झालं. बोर्डाचं काम फक्त तीन दिवस चाललं, त्यानंतर सांध्यांचे लेप वाळायला आणखी तीन. त्यात काही गोष्टी मी पाहून शिकले. बोर्ड जमिनीला टेकवत नाहीत, बोटभर वर ठेवतात. नाहीतर रोज पोतं मारताना पाणी कागदात चढतं आणि खालची कड फुगते. ती फट नंतर पाटीखाली झाकली जाते. वरच्या बाजूला आमच्या घरात लाकडी तुळया आहेत. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, म्हणून भिंत तुळईला घट्ट न आवळता वर थोडी हलायला जागा ठेवली. स्क्रूचं डोकं कागद न फाडता जेमतेम आत जायला हवं. फार आत गेलं की पकड जाते, बाहेर राहिलं की रंगाखाली पुटकुळी दिसते. पोकळीत आवाज अडवायला काचेच्या लोकरीचे थर भरतात. भाच्याने विचारलं, भरू का? आत्या म्हणाली, "नको. बाहेरच्या दाराची कडी वाजली तर मला खाटेवर ऐकू आली पाहिजे." शहरात आवाज अडवायला पैसे मोजतात, तिने तो आत यायला जागा ठेवली.

न्हाणीघराच्या बाजूला मात्र बोर्ड कुठेच लावला नाही. हिरव्या रंगाचा, ओलाव्याला टिकणारा बोर्ड मिळतो, पण तो ओलावा सहन करतो, रोजचं पाणी नाही. तिथे वीटच.

पहिल्या पावसाळ्यातच दुरुस्तीची वेळ आली. ऑगस्टमध्ये नवी भिंत जुन्या भिंतीला जिथे भेटते तिथे केसाएवढी उभी भेग दिसली. शेजारच्या दोघांनी सांगितलं, व्हाइट सिमेंट भरा. भाच्याला फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मंजुसरहून कामावरून येताना थांबला. व्हाइट सिमेंट कडक असतं, दोन वेगवेगळ्या वस्तू आपापल्या परीने हलल्या की ते पुन्हा तडकतं. त्याने भेग थोडी रुंद करून धूळ झाडली, लवचीक सांधा भरला, शेजारच्या बोर्डाच्या सांध्यावर कागदी पट्टी लेपात बसवली आणि तीन पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळायला एक दिवस. जाड एकच हात दिला तर तो वाळताना स्वतःच फाटतो. तीन संध्याकाळी तो येऊन गेला आणि दर वेळी आत्याचा चहा पिऊन गेला.

दिवाळीत माझ्या भाच्याने खाट सरकवताना तिचा कोपरा बोर्डात घुसवला, मुठीएवढं भोक. अशा भोकात नुसतं पीओपी कोंबलं तर ते आत पडतं. नीट चौकोन कापून घ्यायचा, मागे लाकडी पट्टी बसवून तिला दोन्ही कडांवर स्क्रू करायचा, त्याच मापाचा बोर्डाचा तुकडा त्यावर बसवायचा, मग पट्टी, लेप, घासणं. उरलेल्या दोन बोर्डांपैकी अर्धा माडीवर जपून ठेवला होता, त्यातून तुकडा निघाला. काम झाल्यावर उरलेला बोर्ड आणि रंगाचा डबा ठेकेदाराला परत देऊ नका, हे त्या दिवशी सगळ्यांना पटलं.

त्याच्या पैशांपैकी साधारण दहावा हिस्सा आम्ही एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवला होता, आणि हे आधीच ठरलं होतं, कागदावर लिहिलं होतं. मोठ्या कंपन्यांच्या कामात ही रीत असतेच. घरच्या कामात आपण संकोचतो. पण तो आला तो त्या तेराशे रुपयांसाठीच, असं मी म्हणणार नाही. सावलीच्या बाजारात आत्या त्याला दर गुरुवारी भेटते. बडोद्याच्या ठेकेदाराला आमचा फोन न उचलणं सोपं होतं. इथे फोन न उचलला तरी भाजीच्या गाडीपाशी बेन उभ्या असतात. स्थानिक माणसाला काम देण्याचा फायदा अंतरात नसतो, तो या भेटीत असतो.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांची हीच गोष्ट आहे. आपण फ्लॅटमध्ये स्थिरावलो, आणि सावली, पादरा, डभोई, नवसारी अशा कुठल्या तरी गावात एक जुनं घर आणि त्यात एक जुनं माणूस आहे. त्यांना हलवण्याआधी घर थोडं हलवून बघायला हरकत नाही. ठेकेदाराला पुढचे प्रश्न विचारा. जागा पाहायला कधी येणार? ओल कुठे आहे, हे तो स्वतः बघतो का? चौकट कशाची, स्टड किती अंतरावर? दरवाजा वजा करून माप धरतो का? जीएसटी धरून दर की वगळून? दांडा, कपाट, टीव्ही कुठे लागणार हे ठरवून तिथे आतून लाकूड घालणार का? दुरुस्तीला कोण येणार, आणि किती रक्कम तोपर्यंत राखायची? उत्तरं एका कागदावर लिहून घ्या, दोघांनी सही करा. आणि कमी दराचा हिशोब करताना आधी दर का कमी आहे, हे विचारा.

आत्याची खोली आता लागलेली आहे. भिंतीच्या एका बाजूला तिची खाट, दुसऱ्या बाजूला दिवाणखाना, आणि दोन्हीकडे सागवानी दांडा. काका दिवाळीला आले होते, त्यांच्या बाजूचा दांडा धरूनच ते देवघराकडे गेले. संध्याकाळी शाळेतली चार-पाच पोरं दिवाणखान्यात गणितं सोडवायला येतात. आत्या खाटेवर पडल्या पडल्या भिंतीपलीकडून विचारते, "सात आठे केटला?" एखाद्याने चुकीचं उत्तर दिलं की पातळ बोर्डातून तिचं "फरीथी" असं खणखणीत ऐकू येतं.